मांजाने गळा चिरला तर

संपादक महोदय,

संक्रांत जवळ आली की नायलॉन मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घालूनही तो सर्रास विकला जातो, त्यावर लिहून झाले आहे. जखमीला रुग्णालयात नेईपर्यंत काय करायचे, हे मात्र फारसे छापून येत नाही.

रुमालाची घडी जखमेवर तळव्याने घट्ट दाबून धरा; ‘थांबलं का रक्त?’ म्हणून सारखी उचलू नका. हळद, कॉफी तर नकोच. गळ्याभोवती फडके आवळू नका. काच रुतली असेल तर उपसू नका; ती शस्त्रक्रियागृहातच काढायची असते.

जखमेतून हवेचे बुडबुडे येणे, सूज वाढत जाणे ही धोक्याची चिन्हे. तिथे तातडीने शस्त्रक्रियाच लागते. पूर्वी कातडीखालचा पातळ स्नायू भेदणारी जवळपास प्रत्येक जखम उघडून पाहत. आता रुग्ण स्थिर असल्यास आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन, करून शस्त्रक्रियेचे ठरवतात. म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालत बसू नये. संक्रांतीच्या पुरवणीत तिळगुळाच्या पाककृतींशेजारी एवढी चौकट छापाल का?

– एक शल्यचिकित्सक, नागपूर