बार्टनची बस विसरू नका

संपादक साहेब, सरकारी आणि मोठ्या बस कंपन्यांवर खूप छापून येतं, पण घरच्यांनी मिळून चालवलेल्या कंपन्यांवरही कधीतरी लिहा ना. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळची बार्टन घ्या, १९०८ मध्ये टॉमस बार्टन यांनी लाँग ईटन ते नॉटिंगहॅम बस सुरू केली आणि घरच्या मुलीसुद्धा स्टिअरिंगवर बसल्या, त्या काळात हे केवढं धाडस! पहिल्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तर यांनी टपावर गॅसची भलीमोठी पिशवी बांधून बस चालवली, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना आधी फुगाच दिसत असणार. शेवटी १९८९ मध्ये कंपनी विकली गेली, मला त्याचं अजून वाईट वाटतं.

– एक बसप्रेमी वाचक