प्रुनेलाबाईंना, आमच्या आईकडून आणि माझ्याकडून

प्रिय प्रुनेलाबाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे नावापुढे ‘बाई’ लावत नाहीत हे ठाऊक आहे, पण एवढ्या ज्येष्ठ नटीला नुसतं ‘प्रुनेला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा चालवून घ्या.

27 ऑक्टोबर 2025 ला तुम्ही, ब्रिटिश नटी प्रुनेला स्केल्स, लंडनमध्ये गेलात, वयाच्या 93 व्या वर्षी. बातम्यांच्या मथळ्यांत सगळीकडे ‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी टीव्ही मालिकेतली तुमची सिबिल फॉल्टी, हॉटेलमालकाची बायको, होती, आणि त्यात वावगं काहीच नाही. मी मात्र ऋणी आहे ती तुमच्या उतारवयातल्या, कालव्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमाबद्दल. कालव्यातून रमतगमत चाललेली लांबोडकी बोट, सुकाणूवर तुमचे यजमान टिमोथी वेस्ट, आणि काठावर उतरून लॉकचा दरवाजा पाठ लावून ढकलणाऱ्या तुम्ही. डिमेन्शियाचं निदान झाल्यानंतरच्या तुम्ही.

आमच्या आईला तोच आजार आहे, व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. मेंदूला ठिकठिकाणी रक्त कमी पडतं. बरेच दिवस सगळं आहे तसं राहतं, आणि मग एखाद्या आठवड्यात माणूस चहा कसा करतात तेच विसरतं. आई शाळेत मराठी शिकवायची आणि हौशी नाटकांत कामं करायची. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर आमच्या घरात जेवणखाण तालमींच्या वेळा बघून व्हायचं. ज्या नाटकात तिला भूमिका नसे, त्यात ती विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायची. म्हणून तुमची ओळख करून देताना मी तिला आधी हेच सांगितलं, की ही बाई 1951 मध्ये ब्रिस्टल ओल्ड व्हिक या थिएटरमध्ये लागली ती असिस्टंट स्टेज मॅनेजर म्हणून. म्हणजे सामान मांडा, पुस्तक धरा, नटांना हाका मारा.

“म्हणजे आपल्यातलीच,” आई म्हणाली.

तुमची आईही नटी होती आणि ‘स्केल्स’ हे आडनाव तुम्ही तिचंच घेतलंत, हेही तिला फार आवडलं. वडिलांचं इलिंगवर्थ तिला उच्चारायलाच जमेना.

बाकीची कारकीर्द मी तिला थोडक्यात आटोपली. 1952 मध्ये बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली उनाड लिडिया, 1954 च्या ‘हॉब्सन्स चॉइस’ या सिनेमातली धाकटी मुलगी, 1961 मध्ये ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या टीव्ही मालिकेतली बस कंडक्टर, आणि मग रिचर्ड ब्रायर्सबरोबर ‘मॅरेज लाइन्स’ ही मालिका, ज्यानं तुमचं नाव घरोघर पोचवलं. हे सगळं मी वाचलेलं आहे, पाहिलेलं फार थोडं.

सिबिल मात्र मी पारायणं करून पाहिली आहे. नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर ‘फॉल्टी टॉवर्स’ मिळालं तेव्हा इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं, पण फोनवर मैत्रिणीशी बोलणारी सिबिल कळायला इंग्रजी लागतच नाही. खांद्यात रिसीव्हर, हातात सिगरेट, समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि तोंडात तो लांबवलेला ‘ओऽऽ, आय नोऽऽ’. अशी काकू आमच्या वाड्यातही होती, फक्त फोन नव्हता.

1975 मध्ये सहा भाग आणि 1979 मध्ये सहा, एवढाच सगळा पसारा. बारा भाग! 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं तुमच्या देशातले सर्वोत्तम शंभर टीव्ही कार्यक्रम निवडले, त्यात हा पहिला आला. आमच्याकडे बारा भागांत सासू अजून दारातून आतसुद्धा येत नाही.

जॉन क्लीज (सिबिलच्या नवऱ्याचं, बेसिलचं काम करणारे) आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेली संहिता हातात आल्यावर तुम्ही विचारलेला पहिला प्रश्न म्हणे असा होता, की सिबिल आणि बेसिल या दोघांनी लग्न तरी का केलं? क्लीज यांना नेमकी त्याच प्रश्नाची धास्ती होती, कारण त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. मग ते तुम्हीच शोधलंत. सिबिलच्या माहेरचा खानावळीचा, लॉजिंगचा धंदा. तिथं बारमागे उभी असताना तिला हा उंच, सुशिक्षित बोलीचा बेसिल भेटला आणि त्याच्या ऐटीवर ती भाळली. त्या ऐटीच्या मागं काही नाही, हे कळायला उशीर झाला. म्हणून तुम्ही सिबिलची बोली बेसिलपेक्षा एक पायरी खालची ठेवलीत. लेखकांच्या डोक्यातली सिबिल अशी नव्हती. ते आधी बिचकले, नंतर त्यांनाही पटलं. आता तिच्याशिवाय दुसरी सिबिल कल्पनेतही येत नाही. विनोदी भूमिकेसाठी एवढा विचार करायचा असतो, हे मी आमच्या हौशी मंडळींना सांगून थकले. त्यांना वाटतं, मिशी वाकडी लावली की झालं.

लग्नाच्या वाढदिवसाचा भाग तर मला आता नीट हसत बघवत नाही. नवरा यंदाही तारीख विसरला असं समजून सिबिल तणतणत निघून जाते. त्यानं गुपचूप पार्टी ठरवलेली असते, पण पाहुणे आल्यावर खरं सांगायचं सोडून तो ‘बायको आजारी आहे’ असं ठोकून देतो आणि हॉटेलातल्या पॉली या वेट्रेसला तिचा वेश चढवून पलंगावर निजवतो. तेवढ्यात खरी सिबिल गोल्फच्या काठ्या न्यायला परत येते, आणि बेसिल तिला ‘सिबिलसारखी दिसणारी कुणी बाई’ म्हणून स्वयंपाकघरात नेऊन कपाटात कोंडतो. प्रेक्षक खदखदतात. पण त्याआधी दारात उभी राहून तुम्ही जो चेहरा केला आहे, स्वतःच्याच घरात आपल्याला कुणी ओळखू नये असा, तो मला हल्ली रोज बघायला मिळतो.

पुढचं झरझर सांगते. ‘मॅप अँड लुसिया’, ‘आफ्टर हेन्री’ या मालिका, व्हिक्टोरिया राणीचा एकपात्री प्रयोग, जो तुम्ही वर्षानुवर्षं गावोगावी नि देशोदेशी केलात. टेस्को दुकानाच्या जाहिरातींतली खवचट म्हातारी डॉटी. आणि 1988 मध्ये नॅशनल थिएटरमध्ये ॲलन बेनेटच्या ‘अ क्वेश्चन ऑफ ॲट्रिब्युशन’मध्ये चक्क दुसरी एलिझाबेथ, ती स्वतः राज्यावर असताना! 1991 मध्ये ते टीव्हीवरही आलं. राजवाड्यातल्या चित्रांची देखभाल करणारा अँथनी ब्लंट समोर उभा आहे, तो रशियाचा हेर होता, आणि राणी त्याच्याशी बोलते आहे ती खऱ्याखोट्या चित्रांबद्दल. तिला सगळं माहीत आहे की काहीच नाही? तुम्ही शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाहीत. माझ्या मते तुमचं सगळ्यात बारीक काम ते, आणि सिबिलच्या आरडाओरड्यापुढे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आता मूळ मुद्दा.

इंग्लंडात असलेल्या भाच्यानं ‘ग्रेट कॅनॉल जर्नीज’ हा तुमचा कालव्यांवरचा कार्यक्रम आमच्या टीव्हीवर लावून दिलं. चॅनेल 4 वर 2014 पासून 2019 पर्यंत तुम्ही दोघं ते करत होतात. बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा, म्हणजे काठावरून चालणारा माणूसही सोबत राहील. असा वेग आईला झेपतो. बातम्या, मालिका तिला आता धावतात तशा दिसतात आणि ती घाबरते. इथे मात्र पाणी, झाडं, पूल, बदकं, आणि दोन म्हातारी माणसं एकमेकांची चेष्टा करत चाललेली. थॉमस टेलफर्डचा तो 1805 चा पॉन्टकसिल्टे जलसेतू बोट ओलांडू लागली, एका बाजूला कठडाच नाही आणि खाली खोल दरी, तेव्हा आईनं माझा हात गच्च धरला. “पडतील गं,” म्हणाली. पुढच्या आठवड्यात तोच भाग लावला तर तितकाच गच्च धरला.

लॉक कसं चालतं ते तिला तुम्ही शिकवलंत. दोन दरवाजांमधला अरुंद हौद. बोट आत आली की मागचा दरवाजा लावायचा, वाकड्या लोखंडी हँडलनं दाते फिरवून झडप उचलायची, पाणी भरू द्यायचं, आणि पातळी दोन्हीकडे सारखी झाली की दरवाजाच्या लांबलचक तुळईला पाठ टेकून पायांनी रेटत जायचं. पातळी सारखी झाल्याशिवाय कितीही जोर लावा, तो हलत नाही. तुम्ही ऐंशी ओलांडून हे करत होतात. नावं, तारखा हातून निसटत होत्या, पण हात आणि पाठ यांना पुढचं सगळं बरोबर माहीत होतं. केनेट अँड एव्हन कालवा पुन्हा सुरू व्हावा म्हणून तुम्ही दोघांनी पूर्वी खटपट केली होती, तिथलंच हे वळण पडलेलं. ते पाहिलं आणि मी आईला भाजी निवडायला परत बसवलं. मेथी कुणाची, कशासाठी, हे तिला सांगता येत नाही, पण काड्या बाजूला आणि पानं परातीत, यात चूक नाही.

आणि टिमोथीराव. ते कॅमेऱ्यासमोर तुमच्याबद्दल बोलले, तेही तुम्हाला बाजूला सारून नाही. कालव्यावर काही आठवावं लागत नाही, समोर येईल ते बघायचं, म्हणून हे तुम्हाला मानवतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही एखाद्या वाक्यात अडलात की ते जे करायचे, ते मी आईकडून लहानपणी पाहिलं होतं: चांगला प्रॉम्प्टर नट गप्प पडायची वाट बघत नाही, श्वासाच्या आधीच शब्द सरकवतो, आणि पहिल्या रांगेलाही कळत नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे उलट दारातूनच परीक्षा घ्यायचे. “काय काकू, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण!” आई कसनुसं हसायची आणि मग दिवसभर बोलायची नाही. आता दारातच मी प्रत्येकाला सांगते, की आधी आपलं नाव सांगा, गाव सांगा, मग बसा. मोठ्या मामांना हे अपमानास्पद वाटलं. वाटू दे. धाकटी मावशी मात्र आल्या आल्या “अगं, मी तुझी बहीण, मिरजेची, भाकऱ्या बिघडवणारी,” असं म्हणते, आणि दोघी हसत सुटतात.

लोक डिमेन्शिया झालेल्या माणसाला आतल्या खोलीत ठेवतात. लाज म्हणून, काळजी म्हणून, किंवा चारचौघांत काही बोलून बसली तर म्हणून. एवढी नावाजलेली नटी, जिचं सगळं आयुष्य पाठांतरावर चाललं, ती विसरते आहे हे लाखो लोकांना दिसू देते, आणि वर नवऱ्याला टोमणेही मारते, हे पाहिल्यावर आमची सबब उरली नाही. गेल्या दिवाळीत आईला घेऊन आम्ही नाटकाला गेलो. मध्यंतरात तिनं शेजारच्या अनोळखी गृहस्थांना “तुमचा एंट्रीचा टायमिंग चुकला,” असं सुनावलं. ते भले होते. “पुढच्या प्रयोगाला सांभाळतो,” म्हणाले.

टिमोथीराव 12 नोव्हेंबर 2024 ला तुमच्या आधी गेले. 1963 पासूनचा संसार. ते भेटले तर त्यांनाही हे पत्र वाचून दाखवा. त्यांचा वाटा निम्मा आहे, थोडा जास्तच असेल.

तुमच्या मुलांनी सांगितलं, की तुम्ही अखेरपर्यंत घरीच होतात आणि जायच्या आदल्या दिवशी ‘फॉल्टी टॉवर्स’ बघत होतात. मी हे आईला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “हसली का ती?”

बातमीत तेवढं नव्हतं. मी म्हटलं, “हो, खूप.”

“मग जमलं होतं काम,” आई म्हणाली, आणि मेथीकडे वळली.

तुमची,
पुण्याची एक प्रेक्षक