डूमच्या मुखवट्याआड

पुणे, १२ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. सुपरहीरोंच्या कॉमिक्सबद्दल तू लिहिलंयस की खलनायक काढणं सोपं, दात आणि शिंगं दिली की झालं. हे मला मुळीच पटलं नाही. भेटेपर्यंत धीर धरवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बीचा खलनायक डॉक्टर डूम घे. १९६२ साली मार्व्हल कंपनीच्या ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिक्सच्या पाचव्या अंकात तो पहिल्यांदा आला. लोखंडी मुखवटा, हिरवा झगा, भोकांतून दिसणारे दोन डोळे. ज्याचा चेहराच कधी दिसणार नाही, त्याचा संताप चित्रकाराने दाखवायचा कशातून? कर्बीने तो हातांत उतरवला. डूमचे पंजे, ताणलेली बोटं, आवळलेल्या मुठी बघ. मुखवटा हलत नाही, तरी तो कधी चिडलाय आणि कधी दुखावलाय, हे कळतं.

आणि मुखवट्याआड काय? वाचकांना वाटे, भयानक विद्रूप चेहरा असणार. कर्बीच्या मनात मात्र तिथे अगदी लहानसा वण होता. पण स्वतःत कणभर खोट न खपणाऱ्या माणसाला तेवढाही सोसवला नाही, आणि त्याने जगापासून तोंड लपवलं. मला तर हा विचार शंभर राक्षसांहून भीतिदायक वाटतो, कारण अशी माणसं आपण दोघांनीही पाहिली आहेत.

हे त्याला सुचलं याचं मला नवल वाटत नाही. कर्बी, म्हणजे मूळचा जेकब कर्ट्झबर्ग, १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू घरात जन्मला. जो सायमन या सहकाऱ्याबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका हा सुपरहीरो घडवला आणि पहिल्याच मुखपृष्ठावर त्याला हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवलं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती! पुढे १९४४ मध्ये तो स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढला. तिथल्या थंडीने त्याचे पाय जवळजवळ गेलेच होते.

१९७० साली मार्व्हल सोडून तो डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडे गेला आणि त्याने डार्कसाइड हा खलनायक काढला. या डार्कसाइडला ना खजिना हवा, ना सूड. साऱ्या जिवांची स्वतंत्र इच्छाच पुसून टाकणारं समीकरण त्याला हवंय. दगडी चेहऱ्याचा हा हुकूमशहा कित्येकदा नुसता हात मागे बांधून उभा असतो, आणि तरी सगळं पान त्याच्या धाकात असतं. हुकूमशाहीशी प्रत्यक्ष लढून आलेल्या माणसाची ही रेघ आहे, सुहास. ती शिंगांनी येत नाही.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. कर्बीला पैसे पानाच्या हिशेबाने मिळत, पात्रं मात्र कंपनीची होत. स्वतः काढलेली मूळ पानं परत मिळवायला त्याला १९८०च्या दशकात मार्व्हलशी झगडावं लागलं. इतर चित्रकारांपेक्षा कितीतरी जाचक कागद त्याच्यापुढे सहीसाठी ठेवला होता. १९८७ साली काही पानं मिळाली, पण त्याच्या हजारो पानांपुढे ती थोडीच. १९९४ मध्ये तो गेला. त्याच्या वारसांशी कंपनीने तडजोड केली ती २०१४ साली.

आता एक कर. डूमचं कर्बीने काढलेलं कुठलंही पान मिळव, मुखवट्यावर अंगठा ठेव आणि नुसते हात बघ. मग काय वाटलं ते सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश