मंत्रीमहोदय, मुतारीची किल्ली कोणाकडे आहे?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ८ मार्चला आपण आमच्या तालुक्याला आलात, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बसस्टँडवर आणि आठवडी बाजारात बायांसाठी मुतारी बांधतो, तीही दिवाळीच्या आत, असं आपण म्हणालात. स्टँडवरची झाली. टाइल्स आहेत, आपल्या नावाची पाटी आहे, दाराला कुलूपही आहे. बाजारात एक वीटसुद्धा पडली नाही.

मी परवाच दवाखान्यातून घरी आले, म्हणून लिहायला सवड आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत मला उन्हाळी लागली. लघवीच्या जळजळीला आमच्याकडे उन्हाळीच म्हणतात, मग ती डिसेंबरात का लागेना! सासूबाईंनी धन्याजिऱ्याचं पाणी दिलं. सरकारी दवाखान्यात लघवी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. गोळ्या तीन दिवसांच्या मिळाल्या, बाकीच्या बाहेरून घ्या म्हणे. दोन दिवसांत बरं वाटलं, मी पुन्हा वावरात. (कोर्स पुरा करायचा असतो, ही चूक माझी. पण अर्ध्याच गोळ्या दिल्या ती कोणाची?) आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत अशी कळ की उभं राहवेना. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. यवतमाळला पाच दिवस सलाईन आणि १४,००० रुपये बिल. लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० मिळतात, त्याबद्दल आभारी आहे. नऊ महिन्यांचे त्यातच गेले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटीमीटर, म्हणून आतड्यातले ई-कोलाय जंतू लवकर वर जातात. पाणी भरपूर प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, धुताना हात पुढून मागे न्यायचा. गरोदर बाईनं तर अंगावर काढूच नये, दिवस भरायच्या आधी बाळंत व्हायची भीती असते. सगळं पटलं. पण पऱ्हाटी कमरेएवढी, धुऱ्यावरून गड्यांची ये-जा, अन् आडोशाचा नाला पाव तासावर. वेचणीचे किलोमागे १० रुपये. नाल्यावर जाऊन येईस्तोवर कापूस कोण वेचणार? म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येते. मी ती तुळशीला ओतते.

२०१८ साली आपला महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. पेढे वाटले असतील तिकडे. आमच्या गल्लीत सरकारी १२,००० रुपये अनुदानाचे चौदा संडास आहेत. सहांत कुटार, तिघांत गवऱ्या, पाणी एकातही नाही. एसटीचं तिकीट अर्धं केलंत, तेही बरंच झालं. आता अर्ध्या पैशात दोन तास लघवी धरून बसतो. निम्म्याहून जास्त बायांना जन्मात एकदा तरी हा आजार होतो म्हणतात. आमच्या टोळीत विचारलं, तर एकही सुटलेली नाही. गड्यांना कोणतीही भिंत चालते, म्हणून तर हा प्रश्न कुठल्याच फायलीवर चढत नाही! आपला ताफा येणार म्हटलं की रस्ता मात्र एका रात्रीत डांबरी होतो.

असो. पट्ट्या, पुऱ्या गोळ्या, बाजारातली मुतारी यांसाठी आपल्याला बैठका घ्याव्या लागतील, घ्या. कुलपाचं मी स्टँडवर विचारून आले. किल्ली ठेकेदाराकडे आहे. बिल निघालं की देतो म्हणतो. तेवढं त्याचं बिल काढा.

आपली,
तिसऱ्या रांगेतली एक बहीण