त्या लाल पट्ट्या आणि जिन्याची गोष्ट

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा व्हिडिओ पाठवला आणि तासाभरात बाबांचा फोन. "वर हवेत असताना ब्रेक सोडून त्या लाल पट्ट्या कसल्या ओढत होतीस?" मी म्हटलं, वेगाच्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "वेग हवाय कशाला? आणि भीती वाटली की ब्रेक ओढ." तेव्हा मी हं हं करून फोन ठेवला, पण ब्रेकचा तो सल्ला तसाच ठेववेना. बाकी सगळ्या वाहनांना तो लागू पडत असेल, माझ्या पॅरामोटरला, म्हणजे पाठीवर इंजिन आणि डोक्यावर कापडी विंग घेऊन उडायच्या या साधनाला, नेमका तोच धोक्याचा आहे. शिवाय एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. आई, ती शोधायला आधी शेवटचं पान उलटू नकोस.

पाठीवर इंजिन आहे म्हणजे थ्रॉटल दाबला की मी सुसाट पुढे जात असेन असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. थ्रॉटल दिला की मी मुख्यतः वर चढते. पुढे जाण्याचा वेग ठरतो तो विंग हवेला कोणत्या कोनात भिडते त्यावरून. मी जिला लटकते त्या विंगच्या दोऱ्या खाली येऊन जाड पट्ट्यांना मिळतात. त्यांना रायझर म्हणतात. मागच्या रायझरवर एक बकल असतं आणि त्यातून ती लाल पट्टी जाते. तो ट्रिमर, आमच्या बोलण्यात नुसता ट्रिम. बकल सोडलं की मागचा रायझर थोडा लांब होतो, विंगची मागची कड वर सरकते, नाक किंचित खाली येतं आणि विंग पळायला लागते. पट्टी ओढून घेतली की पुन्हा हळू.

दुसरी सोय पायात. सीटखाली एक आडवी दांडी असते, तिची दोरी छोट्या पुलींमधून पुढच्या रायझरला जोडलेली असते. पाय ताणले की पुढचे रायझर आखूड होतात आणि वेग वाढतो. हा स्पीडबार.

दोन्हींनी वेगच वाढतो, मग दोन कशाला, असं बाबा विचारतीलच. फरक वेग परत देण्यात आहे. स्पीडबारवरचे पाय सैल सोडले की क्षणात वेग उतरतो, आणि हात मोकळेच असतात. ट्रिम आत घ्यायला मात्र दोन्ही हात वर न्यावे लागतात, दोन्ही पट्ट्या सारख्या ओढाव्या लागतात, सारख्या आल्यात का ते मान वर करून बघावं लागतं. त्या पाच-सहा सेकंदांत दुसरं काही करता येत नाही. तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते हेच, आणि तेव्हा मी वेग वाढवत नव्हते, कमी करत होते. म्हणून तो प्रकार मी शांत हवेत आणि भरपूर उंचीवरच करते. खाली आल्यावर करू म्हटलं की उशीर झालेला असतो.

आता वेग कशाला, ते. समजा माझा हवेतला वेग ताशी ४० किलोमीटर आहे आणि समोरून ३०चा वारा आहे. जमिनीवरून बघणाऱ्याला मी १०ने सरकताना दिसेन. दहा किलोमीटर परतायचं तर पूर्ण एक तास. ट्रिम सोडून ५०वर गेले की जमिनीवरचा वेग २० होतो, म्हणजे अर्धा तास. हवेतला वेग पाव पटीने वाढला आणि घरी पोहोचण्याचा दुप्पट झाला! टाकीत मोजकं पेट्रोल असताना हा हिशोब फार महत्त्वाचा. अर्थात फुकट काही मिळत नाही. वेगात विंग लवकर खाली येऊ बघते, उंची टिकवायला इंजिन जास्त चालवावं लागतं आणि तासाला लागणारं पेट्रोल वाढतं. म्हणूनच समोरच्या वाऱ्यात परतीला वेग लागेल अशा दिवशी मी मुळात लांब जातच नाही. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, मग वाऱ्याबरोबर परतायचं.

ब्रेककडे येते. नाव ब्रेक असलं तरी गाडीसारखे ते थांबवत नाहीत. ते विंगची मागची कड खाली ओढतात. साध्या विंगवर वेगाची भीती ही, की नाक खाली असताना वरून हवेचा धक्का बसला तर पुढची कड आत दुमडू शकते, आणि जितका वेग जास्त तितकी ती दुमड जोरकस. माझी विंग रिफ्लेक्स जातीची आहे. विंगचे रचनाकार माइक कॅम्पबेल-जोन्स यांचं नाव या प्रकाराच्या सुरुवातीशी जोडलं जातं. हिच्यात ट्रिम सोडले की मागची कड वर वळते आणि भार पुढच्या भागाकडे सरकतो. त्यामुळे वेगात ती उलट जास्त घट्ट उभी राहते. पण तेव्हा घाबरून ब्रेक ओढले तर तीच वर वळलेली कड खाली येते, भार मागे जातो, आणि ज्या रचनेच्या भरवशावर आपण वेगात होतो तीच आपल्या हाताने मोडते. मग दुमडायला फार लागत नाही.

म्हणून बाबा, ट्रिम सोडलेले असताना मी मुख्य ब्रेक हातात धरते, ओढत नाही. वळायचं तर विंगच्या टोकांना जोडलेल्या वेगळ्या छोट्या हँडलनी. हवा खडबडीत झाली आणि पाय बारवर असतील तर पहिल्यांदा पाय सोडायचे, हात वरच ठेवायचे, थ्रॉटल हलका करायचा. एकदम बंद नाही, कारण इंजिन अचानक बंद केलं की विंग पुढे झेपावते. सांगायला सोपं आहे. हात मात्र आपोआप खाली येतात, झाडाची फांदी धरायला जावी तसे. माझ्या शिक्षिकेने आठवडाभर मला जमिनीवर टांगलेल्या हार्नेसमध्ये बसवून नुसतं "पाय! पाय!" ओरडत शिकवलं, तेव्हा कुठे ते अंगात मुरलं.

हे सगळं माझ्या विंगचं. दुसऱ्या कुणाच्या विंगचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल. काही विंगवर ट्रिम आत असताना स्पीडबार वापरायला मनाई असते. कित्येक रिफ्लेक्स विंगना सुरक्षा-चाचणीचं प्रमाणपत्र फक्त ट्रिम आत असतानाचं मिळालेलं असतं. मैदानावर अर्धवट माहितीवर सल्ले देणारे खूप भेटतात, आणि ते नेहमी अगदी ठामपणे बोलतात.

आता ती कबुली. दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे सोलवटले होते आणि मी जिन्यावरून घसरले असं सांगितलं होतं. जिना नव्हता. समोरच्या वाऱ्यातून ट्रिम सोडून परत आले होते, पोहोचल्याचा आनंद झाला आणि ट्रिम आत घ्यायचे राहिले. खाली वारा पडलेला. ३५च्या ऐवजी ५०च्या आसपास वेगाने जमीन आली. पायांवर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शेवटी ब्रेक पूर्ण ओढले तरी मी धावू शकेन एवढा वेग काही उतरला नाही. तोंडावर पडले, प्रोपेलर तुटला, गुडघे तुम्ही पाहिलेच. आई, तू रोज हळद लावत होतीस आणि मी घरमालकाला जिन्यावर दिवा लावायला सांगते म्हणत होते. त्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून उतरायच्या आधी निदान शंभर मीटर उंचीवर मी मोठ्याने बोलते: ट्रिम आत, दोन्ही सारखे, पाय बारवर नाहीत. एकटीच असते, त्यामुळे वेड्यासारखं दिसायचा प्रश्न नाही. उडण्याआधी बार सीटच्या कडेला अडकवलेला आहे ना ते बघते. लोंबता राहिला तर धावताना पायात येतो, किंवा मागे जाऊन प्रोपेलरमध्ये. ट्रिमच्या पट्ट्यांची टोकंही तशीच बघते. पट्टी झिजली की बकलमधून हळूहळू निसटते. एकदा अख्खा तासभर मी डावीकडे ओढली जात होते आणि वाऱ्याला दोष देत होते. खाली आल्यावर कळलं, एक ट्रिम दोन बोटं सरकला होता. दोन्ही पट्ट्या त्याच आठवड्यात बदलल्या.

आई, तू म्हणशील, लाल पट्टीवर खुणेचा पांढरा धागा घालून देते. नको. भार पेलणाऱ्या पट्टीला सुई लावायची नसते. खुणा कंपनीने शिवलेल्या आहेत. बाबांकडे मात्र एक काम आहे. तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात पोस्टकार्डाच्या अर्ध्या तुकड्यावर एवढंच लिहून पाठवा: "ट्रिम आत घेतले का?" डाव्या बाजूला, उंची बघायच्या यंत्राशेजारी तेवढीच जागा आहे. शाई पाण्याने न फुटणारी वापरा, मैदानावर दव फार असतं.

तुमची,
लेक