कुत्र्याला कुत्राच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सिनेमातल्या संगणकनिर्मित प्राण्यांवरचा लेख वाचला. संगणक आल्यामुळे मुक्या जीवांचे हाल थांबले, असा त्याचा सूर होता. हे खरं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. १९३९च्या ‘जेसी जेम्स’ या अमेरिकी चित्रपटासाठी एका घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात पाडलं आणि तो मेला. त्यावर ओरड झाली, तेव्हा कुठे हॉलिवूडच्या सेटवर प्राण्यांसाठी देखरेख सुरू झाली. आपल्याकडे वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांना खेळासाठी शिकवायलाच १९९८पासून बंदी आहे. ती योग्यच आहे. वाघ संगणकावरच करा, माझी त्याला काही हरकत नाही.

माझी तक्रार संगणकावर केलेल्या कुत्र्याबद्दल आहे. त्याच्यासोबत बैल, मेंढरं, शेळ्या, आपल्या दारात आणि गोठ्यात असलेली सगळी जनावरं आली. ३४ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, म्हणून हे लिहायचा धीर करतो.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. वय सहा. त्याच्याबरोबर ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ हा २०२० सालचा चित्रपट पाहिला. जॅक लंडनच्या १९०३च्या कादंबरीवरचा. त्यातला बक हा कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत संगणकावर केलेला आहे. चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या जागी टेरी नोटरी नावाचा कलावंत हातापायांवर रांगत होता आणि हॅरिसन फोर्ड त्यालाच कुरवाळत होता. कारागिरी अशी, की केस न् केस खरा वाटावा. पण हा बक भुवया उडवतो, मालकाच्या दारूवर नाराज होतो, माणसासारखा चेहरा करून बघतो. नातवाला तो फार आवडला. रात्री झोपेपर्यंत बकच चालू होता.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाच्या वस्तीवर गेलो. तिथली राखणीची कुत्री चंपी ओट्याजवळ बसली होती. पोरगं सरळ तिच्यापुढे उकिडवं बसलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नाकाला नाक लावायला गेलं, सिनेमात पाहिलं होतं तसं. मी दहा-बारा पावलांवर होतो. चंपीनं आधी तोंड बाजूला वळवलं. मग जीभ नाकावरून फिरवली. मग जांभई दिली. कान मागे गेले, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं, अंग ताठ झालं. कुत्र्याच्या भाषेत हे सगळं ‘सोड मला’ असं सांगणं असतं. सहा वेळा सांगून झालं होतं तिचं. मी “हात काढ” म्हणेपर्यंत ओठ मागे गेले आणि तिनं तोंड मारलं.

दात गालाला ओझरता लागला. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू केली. (वाचकांनी हे लक्षात ठेवावं, हळद-चुना लावू नये आणि उद्यावर ढकलू नये.) पोर बरं आहे. पण त्या संध्याकाळी गाडीत तो मला म्हणाला, “आजोबा, ती तर हसत होती.”

मला ते वाक्य अजून सोडत नाही. ओठ मागे घेतलेला कुत्रा त्याला हसरा दिसला, कारण आदल्या दिवशी त्यानं हसणारा कुत्रा पाहिला होता. आणि वस्तीवर सगळे चंपीलाच बोल लावत होते. कुणी म्हणालं पिसाळली, कुणी म्हणालं सोडून या लांब कुठेतरी. दहा दिवस तिला बांधून नजरेखाली ठेवलं, ती ठणठणीत राहिली, तेव्हा लोक गप्प झाले.

मूळ कादंबरीतला बक असा नाही. तो इतर कुत्र्यांकडे पाहून बर्फात खड्डा करून झोपायला शिकतो, एकदा दंडुका खाल्ला की तो जन्मभर विसरत नाही. स्पिट्झ या दुसऱ्या कुत्र्याशी त्याचं वैर जिवावर जातं, चित्रपटात ते मवाळ केलं आहे. लेखकानं बकचं मन उलगडलं, पण त्याचं अंग कुत्र्याचंच ठेवलं. खरं तर कुत्र्याच्या भुवईला माणसाची उसनवारी लागत नाही. डोळ्यावरचा आतला भाग वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात तो जवळजवळ नसतो. २०१९ साली यावर संशोधन प्रसिद्ध झालं आहे. माणसाच्या सोबतीत हजारो वर्षं राहून कुत्र्यानं एवढं कमावलं आहे. त्याच्यावर आणखी काय चिकटवायचं?

संगणकावर नीट काम होऊच शकत नाही असं माझं म्हणणं नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावरच केलेला आहे, आणि त्या कामात मुंबई-हैदराबादच्या मुलांचाही हात आहे. पण त्यांनी आधी खरे वाघ पाहिले, अभ्यासले. तो वाघ शेवटी किनाऱ्याला लागतो आणि मागे वळूनही न बघता जंगलात जातो. पोरगा रडतो, वाघ रडत नाही. म्हणूनच तो मनात राहतो.

माझी नोकरीची बरीच वर्षं माण-आटपाडी भागात गेली. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा मुलूख. त्या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५मध्ये चित्रपट केला, तेव्हा मेंढरं खरी होती. उन्हाच्या वेळी उघड्या माळावर मेंढरं गोल होऊन एकमेकींच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी राहतात. झाड नसतं, तेव्हा एकीची सावली दुसरीला. बाहेरून नुसत्या पाठी दिसतात आणि आतून धापा ऐकू येतात. हे ज्यानं पाहिलेलं नाही, तो संगणकावर मेंढरं कशी उभी करणार? बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, बाकी अंग हलत नाही. ‘टिंग्या’ चित्रपटातला बैल चितंग्या नुसता पडून होता तरी थिएटरात माणसं रडली, कारण तो खरा बैल होता.

आता मराठीतही कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट आणि मालिका निघत आहेत. संगणकाचं काम पूर्वीपेक्षा स्वस्त झालं आहे, आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी काढण्यापेक्षा संगणकावर बैल करणं निर्मात्याला सोपं वाटतं. माझी विनंती अशी की पाळीव जनावरांच्या बाबतीत परवानगीचा रस्ता सोडू नये. खेळ-सिनेमात काम करणाऱ्या जनावरांसाठीचे २००१चे नियम त्यांच्या भल्याचेच आहेत. नोंदणी करावी, सेटवर पशुवैद्यक ठेवावा, थोडा वेळ काम आणि बाकी वेळ सावली-पाणी द्यावं. अवघड, धोक्याची दृश्यं खुशाल संगणकावर करावीत. पण ती करणाऱ्या मुलांना आधी आठ-पंधरा दिवस गोठ्यात, वाड्यावर, वस्तीवर पाठवावं. पहाटे जनावर उठताना आधी कुठला पाय टेकतं, एवढं जरी त्यांनी पाहिलं तरी पुष्कळ.

तशी कुणाची तयारी असेल तर आमच्या भागात राहण्या-जेवणाची सोय होईल. मी निवृत्त आहे, रोज बरोबर फिरेन. चंपीही अजून वस्तीवरच आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
आटपाडी, जि. सांगली