डोंगर हिरवा करायचा तर आधी जुनी मुळे वाचवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळीच्या आगेमागे पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा भागात डोंगर पेटतात आणि आपल्या अंकात त्याच्या बातम्या येतात. शेवटी एक आवाहन असते, ‘गैरसमजातून डोंगर पेटवू नका.’ मला लिहायचे आहे ते या आवाहनाबद्दल. डोंगर जाळला की गवत लवकर फुटते हे शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते आणि ते खरेही आहे. त्याला खोटे पाडून कोणी ऐकणार नाही. त्याला दिसत नाही ते जमिनीखाली घडते, आणि त्याबद्दल त्याच्याशी कोणी बोलतच नाही.

ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे समजायला अवघड नाही. ऊसही गवतच. तोडणीनंतर पाचट पेटवले तरी खोडवा फुटतो, कारण बुडख्याचे डोळे मातीखाली असतात. डोंगरावरच्या गवताचेही तसेच. वाळल्या गवताची आग भडकते, पण एका जागी फार वेळ थांबत नाही, आणि मातीतून धग सहजासहजी खाली उतरत नाही. काळा पडलेला एखादा ठोंब उचकटून बघावा. करपलेली पाती नखाने सोलत गेले की बुडाशी पांढुरका, ओलसर कोंब सापडतो. वरचे जुने गवत जळून गेल्याने त्याला ऊन मिळते आणि तो जोमाने वर येतो.

मात्र पावसाआधी, मार्च-एप्रिलमध्ये आलेली ही हिरवळ मुळांनी साठवलेल्या अन्नावर आलेली असते. ती गुरांनी लगेच खाल्ली की मुळांना पुन्हा साठ्यालाच हात घालावा लागतो. दरसाल हेच चालले की मारवेल, पवन्या यांसारखी चाऱ्याची गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीला आगीची तेवढी भीती नाही. तिचे कुसळ ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी मातीत रुतत जाते. ओले करून तळहातावर ठेवले तर ते फिरताना दिसते. गुरांच्या तोंडाला टोचणारे हे गवत आपणच दरसाल आग लावून पोसतो आहोत.

राखेने जमीन सुधारते हेही अर्धेच खरे. पालाश (पोटॅश) राखेत उरते, पण नत्राचा मोठा भाग धुराबरोबर उडून जातो आणि उतारावरची राख वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला लागते. जगातल्या अनेक दीर्घकालीन प्रयोगांचा एकत्रित अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. गवताळ राने धरून या प्रयोगांच्या जागी वारंवार आग लागत राहिली तर 64 वर्षांनी वरच्या मातीतला कर्ब, आगीपासून राखलेल्या जमिनीच्या तुलनेत, 36 टक्क्यांनी आणि नत्र 38 टक्क्यांनी कमी भरते, असे त्यातून दिसले. पाचट जाळू नये हे उसाच्या रानापुरते आपल्याला पटू लागले आहे. डोंगराची माती काही निराळी नाही.

आता झाडांकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. परिसंस्थांचे अभ्यासक महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये आफ्रिकेतल्या सवानांबद्दल, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानांबद्दल, दाखवून दिले की वर्षाला साधारण 650 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस असेल तिथे झाडी दाटू शकते. तिला आवरून धरतात ती आग आणि चरणारी जनावरे. कोल्हापूर शहरातच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्याला त्याच्या कित्येक पट. कातळाचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे सोडली, तर आपले बरेच डोंगर पावसाअभावी उघडे नाहीत. ते दरवर्षी जळतात म्हणून उघडे आहेत.

आमच्याकडे ओघळीने कड ढासळली तिथे ऐनाचे एक बूड उघडे पडले आहे. वर करंगळीएवढे चार फुटवे, उंची गुडघाभर. खाली मात्र मनगटाहून जाड, गाठाळ गड्डा आणि त्याला जुन्या जळक्या फुटव्यांचे काळे खुंट. वरून पाहणाऱ्याला ते झुडूप वाटेल, पण ते झाड आहे. ते जळते, मुळातल्या साठ्यावर पुन्हा फुटते, पुन्हा जळते. शेंडा ज्वाळांच्या वर, म्हणजे दोन-तीन मीटर गेला आणि साल जाडावली की त्याला गवताच्या आगीचे भय उरत नाही. तेवढी सलग वर्षे त्याला कधी मिळतच नाहीत.

याउलट वृक्षारोपणात जुलैत वाजतगाजत लावलेल्या रोपाचे मूळ पिशवीच्या आकारात वेटोळलेले असते. पहिल्याच उन्हाळ्यात वणवा आला तर पुन्हा फुटायला त्याच्याकडे काही साठा नसतो. ते मेलेच. पुढच्या जुलैत शेजारी नवा खड्डा. हा खर्च बघवत नाही.

तेव्हा वनविभाग आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. एकेक डोंगर निवडून तो सलग चार-पाच वर्षे जळू देऊ नका. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत काढलेले पट्टे, डिसेंबरातच काढा, उभे गवत कापून गंज्या रचायला गावाला मुभा द्या, रोपांच्या पैशातून उन्हाळ्यात राखणदार नेमा. जुन्या बुडांवरचे एक-दोन सरळ फुटवे राखून बाकीचे छाटा. राखीव वनात आग लावणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहेच, पण चारा हाती आल्याशिवाय नुसत्या कायद्याने हे थांबणार नाही. राधानगरी-दाजीपूरच्या सदाहरित जंगलात तर आग शिरताच कामा नये. तिथल्या पातळ सालीच्या झाडांना ती सोसत नाही. आणि मसाई पठारासारख्या सड्यांवर कृपा करून झाडे लावू नका. तिथल्या आमरी (जमिनीवरची ऑर्किड) आणि मुसळी उन्हाळाभर कंदाच्या रूपात जमिनीखाली जिवंत असतात. खड्डे घेताना तेच तुटतात.

आपल्यालाही एक विनंती. वणव्याच्या बातमीत किती हेक्टर जळाले याबरोबरच तो डोंगर याआधी कोणत्या साली जळाला होता, तेही छापत चला.

आपला,
एक वाचक, पन्हाळा तालुका (जि. कोल्हापूर)